शालेय बीजगणित, भूमिती आणि संभाव्यता : सांगली परिसरातील विद्यार्थी व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव आणि जत या भागांतील आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवताना जे प्रश्न दरवर्षी नव्याने समोर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रश्न मुलांचे आहेत, काही पालकांचे आहेत. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत बीजगणित आणि संभाव्यता गणित भाग १ मध्ये येतात आणि भूमिती भाग २ मध्ये येते. परंतु मुले अडतात ती जागा तिन्हीकडे एकच असते. उदाहरण सोडवून झाले, की उत्तर बरोबर आहे का हे पाहण्यासाठी त्यांना पुस्तकाची शेवटची पाने उलटावी लागतात. परीक्षेत ती पाने नसतात. म्हणून आपले उत्तर आपणच तपासता यावे, या एका गोष्टीकडे पुढील सर्व उत्तरांत लक्ष दिले आहे. पाठ्यपुस्तकात चलांसाठी रोमन अक्षरे वापरतात. येथे त्यांच्या जागी क्ष आणि य लिहिले आहेत.

सूत्रे पाठ आहेत, तरीही शाब्दिक उदाहरण का सुटत नाही?

कारण सूत्राचे काम समीकरण तयार झाल्यानंतर सुरू होते, आणि वाक्याचे समीकरण करणे हे सूत्राच्या आधीचे काम आहे. एक उदाहरण घेऊ. त्यातील दर केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत. एका कुटुंबाने ३ किलो बेदाणे आणि २ किलो हळद मिळून १,२२० रुपयांना घेतली. दुसऱ्या कुटुंबाने त्याच दराने २ किलो बेदाणे आणि ३ किलो हळद मिळून १,०८० रुपयांना घेतली. तर बेदाण्यांचा आणि हळदीचा दर काढा.

येथे बहुतेक वह्यांमध्ये पहिली ओळ ‘क्ष = बेदाणे, य = हळद’ अशी असते, आणि गोंधळाचे मूळ तिथेच असते. क्ष ही संख्या आहे, वस्तू नव्हे. ‘एक किलो बेदाण्यांचा दर क्ष रुपये आणि एक किलो हळदीचा दर य रुपये मानू’ असे पूर्ण वाक्य लिहिले, की ‘३ किलो बेदाण्यांचे ३क्ष रुपये’ हे आपोआप सुचते. त्यावरून ३क्ष + २य = १,२२० आणि २क्ष + ३य = १,०८० ही दोन समीकरणे मिळतात. येथे सहगुणकांची, म्हणजे क्ष आणि य यांना गुणणाऱ्या संख्यांची, अदलाबदल झालेली आहे, हे ज्याच्या लक्षात येते त्याचे काम हलके होते. दोन्ही समीकरणांची बेरीज करून ५ ने भागल्यास क्ष + य = ४६० मिळते, आणि पहिल्यातून दुसरे वजा केल्यास क्ष − य = १४० मिळते. त्यावरून क्ष = ३०० आणि य = १६०.

आता पडताळा. तो समीकरणात न घेता मूळ वाक्यात घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. समीकरणच चुकीचे मांडले असेल, तर त्यातून आलेले उत्तर त्या चुकीच्या समीकरणात बिनतक्रार बसते आणि मुलाला वाटते की सर्व ठीक आहे. वाक्याकडे परत गेल्यावर चूक लपत नाही : ३ किलो बेदाण्यांचे ९०० आणि २ किलो हळदीचे ३२०, एकूण १,२२० रुपये, २ किलो बेदाण्यांचे ६०० आणि ३ किलो हळदीचे ४८०, एकूण १,०८० रुपये. दोन्ही कुटुंबांचा हिशेब जुळला. आता शेवटचे पान पाहण्याचे कारण उरत नाही.

पद पलीकडे नेल्यावर चिन्ह का बदलते?

खरे पाहता पद पलीकडे जात नाही. ३क्ष + ७ = २२ हे समीकरण म्हणजे तराजूची दोन समतोल पारडी आहेत. एका पारड्यातून ७ काढले, तर तोल राखण्यासाठी दुसऱ्यातूनही ७ काढावे लागतात; म्हणून ३क्ष = २२ − ७ = १५. हीच क्रिया घाईने लिहिली, की ‘७ पलीकडे गेला आणि वजा झाला’ असे दिसते. हे कारण न समजता केवळ नियम पाठ केलेली मुले पुढच्या पायरीवर ३ लाही पलीकडे नेऊन वजा करतात आणि क्ष = १५ − ३ = १२ लिहितात. येथे ३ हा मिळवलेला नसून गुणलेला आहे, त्यामुळे दोन्ही पारड्यांना ३ ने भागले पाहिजे : क्ष = ५. पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे. तीन पाचे पंधरा आणि सात, बावीस. १२ घेतल्यास ४३ येतात, तेव्हा ते उत्तर नव्हे.

दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज का नाही?

संख्या घालून पाहावे. ५ आणि ३ यांची बेरीज ८, तिचा वर्ग ६४. परंतु २५ आणि ९ यांची बेरीज ३४. उरलेले ३० कुठे गेले हे पाहायचे असेल, तर ८ मीटर बाजूचा चौरस वाफा काढून प्रत्येक बाजू ५ आणि ३ मीटरमध्ये विभागावी. त्यात ५ बाजूचा एक चौरस, ३ बाजूचा एक चौरस आणि ५ बाय ३ चे दोन आयत दिसतात. त्या दोन आयतांचे क्षेत्रफळ मिळून ३० चौरस मीटर होते, आणि (अ + ब)² = अ² + २अब + ब² या सूत्रातील ‘२अब’ म्हणजे हेच दोन आयत. ज्याने ही आकृती एकदा स्वतःच्या हाताने काढली आहे, तो सूत्र विसरला तरी पुन्हा उभे करू शकतो.

वर्गसमीकरणाची दोन उत्तरे येतात, त्यांपैकी कोणते लिहावे?

दोन्ही मुळे लिहावीत, आणि त्यानंतर प्रश्नाच्या वाक्याला कोणते लागू पडते ते ठरवावे. एका आयताकृती वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त असून क्षेत्रफळ १२० चौरस मीटर आहे, असे समजू. रुंदी क्ष मीटर मानल्यास क्ष(क्ष + ७) = १२०, म्हणजेच क्ष² + ७क्ष − १२० = ०. याचे अवयव (क्ष + १५)(क्ष − ८) असे पडतात आणि मुळे −१५ व ८ येतात. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून ८ मीटर रुंदी आणि १५ मीटर लांबी. ‘रुंदी ऋण नसते, म्हणून −१५ हे मूळ अमान्य’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिलेच पाहिजे. ते केवळ मनात ठेवणे पुरेसे नाही.

मात्र ऋण मूळ दिसले की खोडायचे, अशी सवय लागू देऊ नये. ‘दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार ५६ आहे’ असा प्रश्न असेल, तर ७ आणि ८ ही जोडी जितकी खरी आहे तितकीच −८ आणि −७ ही जोडीही खरी आहे. याउलट प्रश्नात ‘नैसर्गिक संख्या’ असा शब्द असेल, तर पहिलीच जोडी राहते. निर्णय एका शब्दावर अवलंबून असतो.

आणखी एक चूक येथेच सांगणे आवश्यक आहे. क्ष² = ५क्ष असे आले, की मुले दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ लिहितात आणि क्ष = ० हे मूळ हरवून बसतात. क्ष शून्य असू शकतो तोवर त्याने भागता येत नाही. सर्व पदे एका बाजूला आणून क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडावेत.

भूमितीच्या सिद्धता पाठ कराव्यात का?

विधाने लक्षात ठेवावीत, सिद्धता समजून घ्याव्यात. पाठ केलेल्या सिद्धतेतील अक्षरे परीक्षेत बदलली, की मूल थांबते. हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण ते मूल कष्टात कमी पडलेले नसते.

सिद्धतेचा पडताळा घेता येतो, हे फार थोड्यांना सांगितले जाते. समद्विभुज त्रिकोणाचे उदाहरण पाहू. पक्ष, म्हणजे दिलेली माहिती, असा : त्रिकोण अबक मध्ये बाजू अब आणि बाजू अक समान आहेत. साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, असे : कोन ब आणि कोन क समान आहेत. रचना म्हणून कोन अ चा दुभाजक काढू. तो बाजू बक ला ड मध्ये छेदतो. आता त्रिकोण अबड आणि त्रिकोण अकड पाहा. बाजू अब = बाजू अक हे पक्षात दिलेले आहे, कोन बअड = कोन कअड हे रचनेवरून मिळते, आणि बाजू अड दोन्हींत सामाईक आहे. म्हणून बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीनुसार हे त्रिकोण एकरूप आहेत आणि त्यांचे संगत कोन ब व क समान आहेत.

सिद्धता लिहून झाल्यावर स्वतःला विचारावे की पक्षात दिलेली गोष्ट आपण नेमकी कोणत्या ओळीत वापरली. समजा, अब = अक हे कुठेच वापरले नाही आणि तरीही कोन समान ‘सिद्ध’ झाले; तर आपण जगातील प्रत्येक त्रिकोणाचे दोन कोन समान असल्याचे सिद्ध केले, जे उघडच खोटे आहे. दिलेली माहिती न वापरता शालेय उदाहरण सुटले, तर कुठेतरी आकृतीत ‘दिसते’ म्हणून काहीतरी गृहीत धरले गेले आहे असे समजावे आणि ती ओळ शोधावी. आकृती विचाराला मदत करण्यासाठी असते, तिच्यावरून मोजून उत्तर लिहायचे नसते.

समरूप त्रिकोणांचे गुणोत्तर लिहिताना उलटसुलट होते. त्याला उपाय काय?

शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची सावलीवरून काढू. दीड मीटरची काठी सरळ उभी धरली असता तिची सावली २ मीटर पडली, आणि त्याच वेळी ध्वजस्तंभाची सावली १२ मीटर भरली. काठी आणि स्तंभ दोन्ही जमिनीला लंब आहेत, म्हणून एकेक कोन काटकोन झाला. सूर्यकिरण समांतर मानले जातात, म्हणून सावलीच्या टोकाजवळचे कोनही समान झाले. कोको (कोन-कोन) कसोटीनुसार दोन्ही त्रिकोण समरूप आहेत. आता उंचीस उंची आणि सावलीस सावली असे शब्दांत लिहून मगच संख्या घालाव्यात : स्तंभाची उंची ÷ काठीची उंची = स्तंभाची सावली ÷ काठीची सावली. सावल्यांचे गुणोत्तर ६, म्हणून उंची १.५ × ६ = ९ मीटर.

गुणोत्तर उलटे लिहिल्यास उत्तर पाव मीटर येते. मैदानावर उभे राहून जो स्तंभ मान वर करून पाहावा लागतो, तो वीतभरच उंच कसा असेल? हा प्रश्न मुलाला स्वतःहून पडला, तर चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. हे उदाहरण उन्हात, खऱ्या काठीने आणि टेपने एकदा तरी करावे. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजाव्या लागतात, हे तिथेच समजते.

पायथागोरसचे प्रमेय कुठे वापरू नये?

त्रिकोण काटकोन आहे हे माहीत नसेल, तिथे. वापरताना कर्ण कोणता हे आधी ठरवावे. काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण, आणि ती नेहमी सर्वांत मोठी असते. साडेसहा मीटरची शिडी भिंतीला टेकवली असून तिचा पाया भिंतीपासून अडीच मीटर दूर असेल, तर शिडी हाच कर्ण होतो. म्हणून उंचीचा वर्ग ४२.२५ − ६.२५ = ३६ आणि उंची ६ मीटर. वजाबाकीऐवजी बेरीज केल्यास वर्ग ४८.५ येतो, म्हणजे उंची जवळजवळ ७ मीटर. शिडी आपल्या स्वतःच्या लांबीपेक्षा वर पोहोचू शकत नाही, त्यामुळे ही चूक कोणतेही सूत्र न आठवता पकडता येते.

या प्रमेयाचा व्यत्यासही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्याकडचे गवंडी रोज वापरतात. पायाची आखणी करताना कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट आणि दुसऱ्या दोरीवर ४ फूट खूण करून त्या दोन खुणांमधील अंतर ५ फूट भरते का ते पाहिले जाते. भरले, तर कोपरा काटकोनात आहे. येथे काटकोन आधी माहीत नाही, बाजूंवरून तो ठरवला जातो, आणि हाच व्यत्यास आहे. आयताच्या कर्णावरील चौरसाचे क्षेत्रफळ दोन बाजूंवरील चौरसांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेइतके असते, हे विधान बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आहे. यज्ञवेदींची अचूक आखणी करणे हे तिथे निमित्त होते. ज्या घरात वडील बांधकामावर काम करतात, तिथल्या मुलाने हा धडा शाळेत शिकण्याआधी वडिलांकडून एकदा पाहून घ्यावा.

पाय (π) म्हणजे बरोबर २२/७ का?

नाही. २२/७ ही सोयीची अंदाजी किंमत आहे. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ही अपरिमेय संख्या आहे, त्यामुळे ती कोणत्याही अपूर्णांकाने नेमकी लिहिता येत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त २२/७ ही स्थूल आणि ३९२७/१२५० ही सूक्ष्म किंमत म्हणून वेगवेगळी सांगितली आहे, दुसरी किंमत ३.१४१६ होते. प्रश्नात जी किंमत दिली असेल ती घ्यावी.

घनफळाच्या उदाहरणांत खरी अडचण एककांची असते. ७० सेंटिमीटर त्रिज्या आणि दीड मीटर उंची असलेल्या लंबवृत्तचितीच्या (उभ्या गोल डब्याच्या) आकाराच्या टाकीत किती पाणी मावेल, हे काढताना प्रथम ०.७ मीटर लिहावे. मग २२/७ × ०.४९ × १.५ = २.३१ घनमीटर, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लीटर, म्हणून २,३१० लीटर. ७० तसेच ठेवले, तर उत्तर २३,१०० येते, आणि ते ना घनमीटर असते ना लीटर.

दोन नाणी फेकल्यावर तीनच प्रकार होतात, मग प्रत्येकाची संभाव्यता १/३ का नाही?

हा अतिशय चांगला प्रश्न आहे आणि तो विचारणाऱ्या मुलाला कधीही गप्प करू नये. दोन छापे, दोन काटे, किंवा एक छापा व एक काटा, असे तीन प्रकार दिसतात हे खरे आहे. परंतु ते समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेले, नाहीत. एक रुपयाचे आणि पाच रुपयांचे अशी दोन वेगळी नाणी घ्यावीत. रुपयावर छापा व पाचावर काटा हा एक निकाल, आणि रुपयावर काटा व पाचावर छापा हा दुसरा, हे आता डोळ्यांना वेगळे दिसतात. म्हणजे नमुना अवकाशात (सर्व शक्य निकालांच्या यादीत) चार घटक आहेत आणि मिश्र निकालाची संभाव्यता २/४, म्हणजे १/२ आहे. ज्याला शंका उरेल त्याने ६० वेळा नाणी फेकून नोंद ठेवावी. मिश्र निकाल बहुधा २० पेक्षा ३० च्या जवळ येतील.

हीच गोष्ट दोन फाशांची. बेरीज २ ते १२ अशा ११ प्रकारे येते, पण नमुना घटक ३६ असतात. बेरीज ७ सहा प्रकारे येते आणि बेरीज १२ एकाच प्रकारे, म्हणून त्यांच्या संभाव्यता ६/३६ आणि १/३६. पडताळा म्हणून सर्व बेरजांच्या संभाव्यता मिळवून पाहाव्यात. त्या १ झाल्याच पाहिजेत. कोणतेही एक उत्तर १ पेक्षा मोठे किंवा ऋण आले, तर पुढे जाऊच नये.

‘पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणून संभाव्यता १/२’ हे बरोबर आहे का?

दोनच शक्यता आहेत म्हणून त्या समान होत नाहीत. जुलैमधील एखाद्या दिवशी महाबळेश्वरला आणि जतला पाऊस पडण्याची शक्यता सारखी आहे, असे सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील कोणीही म्हणणार नाही, तरी दोन्हीकडे ‘पडेल किंवा पडणार नाही’ हेच दोन पर्याय आहेत. अनुकूल घटक भागिले एकूण घटक हे सूत्र सर्व घटक समसंभाव्य असतील तिथेच चालते.

सलग पाच वेळा छापा आला, तर आता काटा येण्याची शक्यता जास्त असते का?

नाही. नाण्याला मागचे काही आठवत नाही. नाणे निर्दोष असेल, तर सहाव्या वेळीही १/२ च.

‘किमान एक’ असा शब्द आला की गोंधळ होतो. सोपी रीत आहे का?

उलट घटना मोजावी. तीन नाणी फेकल्यास ८ नमुना घटक मिळतात. ‘किमान एक छापा’ याच्या विरुद्ध घटना म्हणजे ‘एकही छापा नाही’, आणि ती तीनही काटे आल्यावरच घडते. म्हणून १ − १/८ = ७/८.

पत्त्यांवरील प्रश्न मुलीला येत नाहीत, कारण घरी पत्ते नाहीत. काय करावे?

हा गणिताचा दोष नाही, माहितीचा आहे, आणि एका संध्याकाळी भरून निघतो. कागदाचे ५२ तुकडे करून घ्यावेत : इस्पिक आणि किलवर काळ्या रंगाचे, बदाम आणि चौकट लाल रंगाचे, प्रत्येकाचे १३. प्रत्येकात गुलाम, राणी आणि राजा ही तीन चित्रे, म्हणजे एकूण चित्रपत्ते १२. एक्का चित्रपत्त्यांत धरत नाहीत, आणि चूक नेमकी तिथे होते.

दहावीच्या पेपरात पायऱ्यांना गुण मिळतात का?

मिळतात. दोन्ही भागांची लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची आणि दोन तासांची असते, आणि मोठ्या उदाहरणांत मांडणी, सूत्र व आकडेमोड यांना वेगवेगळे गुण असतात. त्यामुळे शेवटची आकडेमोड चुकली तरी आधीच्या पायऱ्या वाया जात नाहीत. वेळ संपत आला असताना संपूर्ण उदाहरण खोडून टाकणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

आम्हाला गणित येत नाही. घरी मुलाला कशी मदत करावी?

उत्तर कसे काढले हे विचारण्याऐवजी ‘हे बरोबर आहे हे तुला कसे कळले?’ असे विचारावे. हा प्रश्न विचारण्यासाठी स्वतःला वर्गसमीकरण येण्याची गरज नाही. ‘पुस्तकात तसेच आहे’ किंवा ‘बाईंनी तसेच सांगितले’ असे उत्तर आले, तर काम अजून राहिले आहे. मुलाने वाक्यात संख्या घालून दाखवली, किंवा शिडी, टाकी अथवा सावली यांच्याशी उत्तर ताडून दाखवले, तर त्याला ते उदाहरण समजले आहे. आजीसमोर बसून असे सांगताना मध्येच थांबून आपली चूक आपणच दुरुस्त करणारी मुले मी पाहिली आहेत. आजीने त्यात एकही शब्द बोललेला नसतो.

पुस्तकातील उत्तराशी आपले उत्तर जुळत नसेल, तर आपलेच चुकले असे समजावे का?

लगेच नाही. तीच संख्या दोन रूपांत लिहिलेली असू शकते. एखाद्या विद्यार्थिनीचे उत्तर १०/√५ आले आणि पुस्तकात २√५ असेल, तर तिने दोन्हींचे वर्ग करून पाहावेत : १०० ÷ ५ = २० आणि ४ × ५ = २०. दोन्ही संख्या धन आहेत आणि त्यांचे वर्ग समान आहेत, म्हणून संख्याही समान आहेत. तिचे उत्तर बरोबर होते. केवळ छेदाचे परिमेयीकरण, म्हणजे छेदातील वर्गमूळ घालवणे, करायचे राहिले होते.